व्हिन्सेंट चिन प्रकरण: बेकारीच्या रागाला चेहरा कुठून मिळाला?

१९ जून १९८२. शनिवारची रात्र. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, डेट्रॉइटच्या पोटातच वसलेल्या हायलंड पार्क या छोट्या शहरात व्हिन्सेंट चिन या सत्तावीस वर्षांच्या तरुणाच्या डोक्यात बेसबॉलच्या बॅटचे घाव घातले गेले. चार दिवसांनी, २३ जूनला, तो गेला. त्याचं लग्न आठवड्यावर येऊन ठेपलं होतं. लग्नाला निघालेली माणसं अंत्यविधीला आली.

मारणारे दोघे होते. रोनाल्ड एबन्स हा क्रायस्लर या मोटार कंपनीत सुपरिंटेंडंट होता. मायकेल नित्झ हा त्याचा सावत्र मुलगा. तो पूर्वी मोटारीच्याच कारखान्यात होता आणि तिथून त्याला कमी केलं होतं. मूळ आरोप खुनाचा होता, पण तडजोडीत तो सदोष मनुष्यवधावर आला. या गुन्ह्याला पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकत होता. १६ मार्च १९८३ ला न्यायाधीश चार्ल्स कॉफमन यांनी शिक्षा सुनावली: दोघांना तीन वर्षं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाबाहेर राहून कोर्टाच्या देखरेखीखाली वागणं, प्रत्येकी ३,००० डॉलर दंड आणि वर कोर्टाचा खर्च ७८० डॉलर. तुरुंग एक दिवसाचाही नाही.

गुन्हेगारीशास्त्राच्या वर्गात हे प्रकरण आलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं. मोटार उद्योग बुडत होता, लोक बेकार झाले होते, राग जपानी मोटारींवर होता, आणि तो एका चिनी वंशाच्या माणसावर निघाला. या उत्तरात खोटं काही नाही, पण ते फार लवकर समाधान देतं. ज्याने बॅट चालवली त्याची नोकरी शाबूत होती. या एका गोष्टीपाशी थांबलं की पुढचं सगळं प्रकरण वेगळं दिसायला लागतं, म्हणून मी इथे जास्त वेळ तिथेच घालवणार आहे.

त्या रात्री काय घडलं

लग्नाआधीची मौज म्हणून चिन तीन मित्रांबरोबर एका नाइटक्लबमध्ये गेला होता. तिथे स्त्रिया नाचत असत. तीन मित्रांपैकी दोघे गोरे आणि एक चिनी वंशाचा. एबन्स आणि नित्झ समोरच्या बाजूला बसले होते. दोन्हीकडे दारू झाली होती. बोलाचाली झाली, ती हातघाईवर आली, खुर्ची उचलली गेली, नित्झच्या डोक्याला जखम झाली. दोन्ही टोळक्यांना बाहेर काढलं गेलं.

क्लबमधल्या एका नर्तकीने नंतर साक्ष दिली की एबन्स चिनला शिवी घालून म्हणाला, तुमच्यासारख्यांमुळेच आमचं काम गेलं. एबन्सने हे कायम नाकारलं. ही भांडणातली मारामारी होती, तिचा वंशाशी संबंध नव्हता, असंच तो पुढच्या मुलाखतींतही सांगत राहिला.

बाहेर पार्किंगमध्ये वाद पुन्हा पेटला. गाडीतून बॅट निघाली तसा चिन पळाला. इथे प्रकरण संपू शकलं असतं. बहुतेक दारूच्या भांडणांचा शेवट असाच होतो. एक पक्ष पळतो, दुसरा शिव्या देत घरी जातो. पण एबन्स आणि नित्झ गाडीत बसले आणि चिनला शोधत फिरू लागले. वाटेत त्यांनी एका तिसऱ्याच माणसाला शोधायला मदत कर म्हणून २० डॉलर दिले. वीस-तीस मिनिटांच्या शोधानंतर वुडवर्ड अॅव्हेन्यूवरच्या मॅकडोनाल्ड्ससमोर चिन आणि त्याचा चिनी वंशाचा मित्र त्यांना सापडले. मित्र निसटला. नित्झने चिनला धरलं आणि एबन्सने बॅट चालवली. आजूबाजूला माणसं होती. तिथे सुरक्षेचं काम करत असलेले, ड्युटीवर नसलेले दोन पोलीसही होते. त्यांतल्या एकाने पिस्तूल रोखून बॅट खाली टाकायला लावली, तोवर उशीर झाला होता. शुद्ध हरपण्याआधी चिन मित्राला म्हणाला, हे बरोबर नाही.

जागाही लक्षात घेण्यासारखी आहे. याच हायलंड पार्कमध्ये, याच वुडवर्ड अॅव्हेन्यूवर फोर्डच्या कारखान्यात १९१३ साली मोटारींची फिरती जुळणी सुरू झाली. क्रायस्लरचं मुख्यालयही तेव्हा याच शहरात होतं. अमेरिकी कामगाराच्या भरभराटीची कहाणी जिथे घडली, त्याच रस्त्यावर हे घडलं.

ताणाचा सिद्धांत आणि त्याची अडचण

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टनने १९३८ साली मांडलं की समाज सगळ्यांना एकच स्वप्न दाखवतो, पण ते गाठायचे रस्ते सगळ्यांना सारखे मोकळे ठेवत नाही. या फटीत गुन्हा उगवतो. रॉबर्ट अॅग्न्यूने १९९२ मध्ये ही कल्पना विस्तारली. हवं ते न मिळणं, असलेलं हातातून जाणं आणि नको ते वाट्याला येणं, हे तिन्ही ताण आहेत, आणि त्यांतून येणारा राग गुन्ह्याकडे ढकलतो.

१९८२ च्या डेट्रॉइटमध्ये ताणाला तोटा नव्हता. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांनंतर मोठ्या, पेट्रोल पिणाऱ्या अमेरिकी गाड्या पडून राहू लागल्या. छोट्या जपानी गाड्या खपू लागल्या. क्रायस्लर इतकी खंगली की सरकारने तिच्या दीड अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी दिली. १९८१ मध्ये जपानने अमेरिकेत पाठवायच्या गाड्यांवर वर्षाला १६ लाख ८० हजारांची मर्यादा स्वतःहून घालून घेतली, अर्थात अमेरिकेच्या दबावाखाली. १९८२ च्या अखेरीस देशातला बेकारीचा दर १०.८ टक्क्यांवर गेला. मिशिगनमध्ये तो पंधराच्याही वर होता.

नित्झला हे सगळं लागू पडतं, एबन्सला तितकंसं नाही. आणि नित्झलाही जपून लावावं लागतं, कारण शिक्षा सुनावली गेली तेव्हा तोही काम करत होता आणि जोडीला शिकत होता. लाखो माणसं खरोखर बेकार होती, त्यांच्यातल्या जवळपास कोणीच रस्त्यावर कुणाला शोधून मारलं नाही. ताणाचा सिद्धांत शहरातला राग समजावतो, हातात बॅट घेतलेला माणूस समजावत नाही.

याच्या शेजारचा एक जुना सिद्धांत वैफल्यातून येणाऱ्या आक्रमकतेचा. येल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी १९३९ मध्ये तो मांडला. खऱ्या कारणापर्यंत हात पोचत नसेल तर राग जवळच्या, दुबळ्या लक्ष्याकडे वळतो. दुसऱ्याच वर्षी हॉवलंड आणि सिअर्स यांनी १८८२ ते १९३० या काळातली आकडेवारी घेऊन दाखवलं की अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाचे भाव पडले की जमावाकडून होणाऱ्या हत्या वाढत. हा निष्कर्ष पुढे अनेक पाठ्यपुस्तकांत गेला. पण १९९८ मध्ये ग्रीन, ग्लेझर आणि रिच यांनी तोच मुद्दा पुन्हा तपासला तेव्हा तो डळमळला. पुढच्या काळातली वर्षं धरली की संबंध टिकेना, आणि न्यूयॉर्क शहरातले द्वेषगुन्हे, म्हणजे वंशासारख्या ओळखीवरून केलेले गुन्हे, आणि बेकारी यांच्यातही सरळ नातं सापडेना.

त्यामुळे अर्थव्यवस्था बिघडली की द्वेषगुन्हे होतात हे वाक्य जसंच्या तसं कुणी लिहिलं तर मी ते मान्य करणार नाही. त्या दोहोंच्या मध्ये काहीतरी घडावं लागतं. बेकारीचं दुःख कुणाच्या तरी नावावर लिहिलं जावं लागतं.

नावावर लिहिणं

डेट्रॉइटमध्ये हे काम उघड्यावर चाललं होतं. मोटार कामगार संघटनेच्या मुख्यालयाच्या पार्किंगमध्ये फलक होता: तीन लाख बेकार सदस्यांना तुमची परदेशी गाडी आवडत नाही, ती टोकियोत नेऊन उभी करा. ठिकठिकाणी जपानी गाडी मैदानात ठेवून लोकांना हातोडा दिला जाई. राजकारणी, कंपन्यांचे मालक आणि संघटनांचे नेते एरवी एकमेकांच्या उरावर बसत, पण जपान हा शत्रू यावर त्यांचं एकमत होतं. कंपनीने चुकीच्या गाड्या बनवल्या, व्यवस्थापनाने वर्षानुवर्षं डोळेझाक केली, व्याजदर चढे ठेवले गेले, ही कारणं खरी होती पण त्यांना चेहरा नव्हता. जपानला चेहरा होता, आणि तो चेहरा अमेरिकेत आधीपासून तयार होता.

१८८२ मध्ये चिनी मजुरांना देशाची दारं बंद करणारा कायदा झाला. चिनच्या खुनाच्या बरोब्बर शंभर वर्षं आधी. दुसऱ्या महायुद्धात सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं, त्यांतले बहुसंख्य अमेरिकेचे नागरिक होते. पिढ्यान्‌पिढ्या या देशात राहूनही आशियाई चेहऱ्याचा माणूस पाहुणाच राहतो, ही समजूत अशा घटनांनी घट्ट केली. चिन स्वतः सहा वर्षांचा असताना चीनमधून दत्तक घेऊन अमेरिकेत आणला गेला होता. त्याचे वडील दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तो एका अभियांत्रिकी कंपनीत ड्राफ्ट्समन होता आणि शनिवार-रविवारी हॉटेलात वेटरचं काम करी. म्हणजे एबन्सच्याच शहरातला, एबन्ससारखाच कष्ट करून खाणारा माणूस. जपानशी त्याचा काडीचा संबंध नव्हता.

गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्ये पूर्वग्रहाची पायरी-पायरीने चढण दाखवली होती: आधी वाईट बोलणं, मग टाळणं, मग भेदभाव, मग मारहाण, आणि शेवटी संहार. खालच्या पायरीवरचा प्रत्येक जण वर चढतो असं त्याचं म्हणणं नव्हतं. पण खालच्या पायऱ्या गर्दीने भरल्या की वरच्या पायरीवर जाणाऱ्याला आपण एकटे आहोत असं वाटत नाही. हातोडा मारायला गाडी समोर ठेवणाऱ्यांनी चिनला मारलं नाही. पण मारणाऱ्याला जे बोलायचं होतं त्याची भाषा त्यांनीच रूढ केली होती.

हक्काची जागा

नोकरी असलेला एबन्स समजायला हर्बर्ट ब्लूमरचा १९५८ चा लेख मला सगळ्यांत उपयोगी वाटतो. ब्लूमर म्हणतो, वंशाचा पूर्वग्रह ही एखाद्याच्या मनातली वैयक्तिक घृणा नसते. आपल्या गटाची समाजात अमुक एक जागा आहे, ती आपल्या हक्काची आहे, आणि खालचा गट ती बळकावू पाहतोय, या भावनेतून तो येतो. त्यात चार गोष्टी असतात: आपण श्रेष्ठ, ते मुळातच वेगळे, काही गोष्टींवर मालकी आपलीच, आणि त्या मालकीवर त्यांचा डोळा.

या चौकटीत स्वतःची नोकरी जाण्याची गरजच उरत नाही. नर्तकीने सांगितलेलं वाक्य खरं धरलं तर त्यात 'माझं काम' नाही, 'आमचं काम' आहे. सुपरिंटेंडंट असलेला माणूस रोज रिकाम्या होत जाणाऱ्या पाळ्या बघत असणार. त्याच्या हाताखालची माणसं कमी होत होती, घरात सावत्र मुलाला आधीच कामावरून काढलेलं होतं. त्याचं स्वतःचं ताट भरलेलं असलं तरी ज्या गटामुळे त्याला मान होता तो गट खचत होता. आणि समोर, त्याच क्लबात, त्याच्याच पैशाइतक्या पैशाने बसलेला एक आशियाई तरुण लग्नाची मौज करत होता.

इथे पुरुषपणाचा धागा जोडावा लागतो. जेम्स मेसरश्मिटने १९९३ मध्ये मांडलं की पुरुषपण सिद्ध करण्याचे नेहमीचे मार्ग, म्हणजे नोकरी, कमाई, घरातला दरारा, अडले की गुन्हा हाच ते सिद्ध करण्याचा मार्ग होऊ शकतो. बार्बरा पेरीने २००१ मध्ये द्वेषगुन्ह्याकडे याच नजरेने पाहिलं: हल्ला करून मारणारा दोन गोष्टी एकदम सांगत असतो, आपण कोण आणि समोरच्याने कुठे राहायचं. क्लबमध्ये मुलासमोर, बायकांसमोर झालेली मारामारी, मुलाच्या डोक्यातून वाहणारं रक्त, आणि हे सगळं ज्याने केलं तो एक आशियाई, ज्याने त्या काळच्या समजुतीप्रमाणे मान खाली घालून निघून जायला हवं होतं. जॅक कॅट्झने १९८८ मध्ये लिहिलं होतं की अशा हत्यांमध्ये अपमान रागात बदलतो आणि मारणाऱ्याला आपण काहीतरी योग्य, न्याय्य करतोय असंच वाटतं. एबन्सची ती वीस-तीस मिनिटं मला अशी वाटतात. भांडणाच्या भरात उचललेली खुर्ची वेगळी. गाडी चालवत, रस्ते बघत, अनोळखी माणसाला पैसे देऊन घेतलेला शोध वेगळा. पैसे देताना खिशात हात घालावा लागतो, नोटा मोजाव्या लागतात, काय हवंय ते दुसऱ्याला शब्दांत सांगावं लागतं. इतका वेळ टिकणारा राग नुसत्या दारूचा नसतो.

जॅक लेव्हिन आणि जॅक मॅकडेव्हिट यांची वर्गवारी द्वेषगुन्ह्यांच्या अभ्यासात सर्वाधिक वापरली जाते. बोस्टन पोलिसांच्या १६९ प्रकरणांच्या आधारे त्यांनी गुन्हे वेगळे केले: मजा म्हणून केलेले, आपला प्रदेश राखण्यासाठी केलेले, बदल्यासाठी केलेले आणि क्वचित, एखाद्या गटाला संपवण्याच्या ध्येयाने केलेले. दोन तृतीयांश प्रकरणं मजेची होती. बहुतेकदा कंटाळलेली तरुण पोरं, टोळीने. चिनचं प्रकरण त्या सर्वांत मोठ्या खणात बसत नाही. ते प्रदेश राखण्याच्या खणात येतं, फक्त प्रदेश म्हणजे इथे गल्ली किंवा वस्ती नाही, एक उद्योग आहे. बदल्याचा रंगही त्यात आहे, कारण नित्झची जखम ताजी होती. खऱ्या प्रकरणांत हे खण असेच एकमेकांत सांडतात, आणि त्यावरून वर्गवारी चुकीची ठरत नाही. एकच हेतू शोधण्याची आपली सवय मात्र चुकीची ठरते.

कोहेन आणि फेल्सन यांचा दिनक्रमाचा सिद्धांत, १९७९ चा, इथे लवकर संपतो. गुन्ह्याला प्रवृत्त माणूस, सोयीचं लक्ष्य आणि राखणदाराची गैरहजेरी, या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी याव्या लागतात असं तो सांगतो. मॅकडोनाल्ड्ससमोर राखणदार होते, चक्क पिस्तूलधारी. तरी बॅट चालली. कोणी बघतंय याची मारणाऱ्याला पर्वा नव्हती, आणि हा सिद्धांत ज्या हिशेबी गुन्हेगाराला गृहीत धरतो तो माणूस त्या रात्री तिथे नव्हता.

कोर्टाने काय केलं

शिक्षेच्या सुनावणीला सरकारी वकील हजर नव्हता. डेट्रॉइट आणि हायलंड पार्क ज्यात येतात त्या वेन काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, तेव्हा कामाचा बोजा इतका होता की अशा सुनावण्यांना सरकारी वकिलाने न जाणं नेहमीचं झालं होतं. चिनची आई, लिली चिन, हिला कोणी बोलावलं नव्हतं. न्यायाधीशासमोर एकच बाजू होती. एका बाजूला आरोपी आणि त्यांचे वकील, दुसरी बाजू रिकामी.

टीका झाल्यावर कॉफमन यांनी लेखी खुलासा केला. त्यांच्या म्हणण्याचा सारांश असा: हा माणूस सतरा-अठरा वर्षं एकाच कंपनीत जबाबदारीच्या जागेवर आहे, मुलगा नोकरी करतो आणि शिकतो, हे तुरुंगात पाठवण्यासारखे लोक नव्हेत, शिक्षा गुन्ह्याला साजेशी द्यायची नसते, गुन्हेगाराला साजेशी द्यायची असते.

ग्रेशॅम साइक्स आणि डेव्हिड माट्झा यांनी १९५७ मध्ये दाखवलं होतं की गुन्हा करणारे बहुधा समाजाचे नियम मानतातच. ते मोडताना मनातली टोचणी बोथट करायला काही ठरावीक सबबी वापरतात. जबाबदारी झटकणं, झालेलं नुकसान नाकारणं, मार खाणाऱ्याला पीडितच न मानणं, दोष देणाऱ्यांवरच उलटणं आणि आपल्या माणसांशी निष्ठेचा दाखला देणं. बचावाच्या बाजूने जे मांडलं गेलं त्यात यांतलं बरंच काही आहे. दारू प्यायलो होतो. भांडण त्यानेच काढलं, पहिला हात त्यानेच उचलला. मुलाचं डोकं फुटलं होतं. पुढे, चळवळवाल्यांनीच याला वंशाचा रंग दिला.

साइक्स आणि माट्झा यांचं लक्ष गुन्हेगाराच्या मनावर होतं. या प्रकरणात त्या सबबींना संस्थेची मोहोर लागली. पहिल्यापासून नोकरदार, कुटुंबवत्सल, गोरे, म्हणून घातक नव्हेत, हा तर्क न्यायाधीशाने स्वतः पूर्ण केला. हॉवर्ड बेकरने १९६३ मध्ये म्हटलं होतं की गुन्हेगारपण कृत्यात नसतं, ते शिक्का मारणाऱ्यांच्या प्रतिसादातून तयार होतं. हा सिद्धांत बहुतेक वेळा कमनशिबी पोरांवर नाहक बसलेल्या शिक्क्यांसाठी वापरला जातो. चिनच्या प्रकरणात तो उलट बाजूने लावावा लागतो. इथे एका माणसाचा जीव गेल्यावरही शिक्का बसला नाही, कारण समोरचे दोघे शिक्का बसण्यासारखे दिसत नव्हते.

निल्स क्रिस्टीने १९८६ मध्ये आदर्श पीडिताची कल्पना मांडली: दुबळा, सज्जन, चांगल्या कामावर निघालेला, ज्याला दोष देताच येणार नाही असा. चिन त्यात कुठे बसतो? तो तरुण होता, नाचगाण्याच्या क्लबात होता, प्यायला होता, भांडला होता. कुठल्याही कोर्टात ही माणसाची बाजू पडती करणारी माहिती आहे. ती त्याच्या बाजूने सावरायला तिथे कोणी नव्हतं. म्हणून सरकारी वकिलाची रिकामी जागा ही कामाच्या बोजाची किरकोळ गोष्ट म्हणून मी सोडून देऊ शकत नाही.

समाजावर झालेला घाव

पॉल इगान्स्की आणि इतर अभ्यासक दाखवतात की द्वेषगुन्ह्याची जखम एका देहापुरती राहत नाही. त्या गटातल्या प्रत्येकाला निरोप पोचतो की पुढचा तूही असू शकतोस. डेट्रॉइटमध्ये आशियाई वंशाचे लोक थोडे होते आणि विखुरलेले. चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो असे वेगवेगळे राहणारे, आपसांत जुनी वैरं बाळगणारेही. मारणाऱ्याने सगळ्यांना एकाच तराजूत तोललं होतं. शिक्षेच्या बातमीनंतर ते एकत्र आले, 'अमेरिकन सिटिझन्स फॉर जस्टिस' ही संघटना उभी राहिली, आणि पत्रकार हेलन झिया तिच्या प्रमुख आवाजांपैकी एक झाली. लिली चिन इंग्रजी मोडकं बोलायची, तरी गावोगावच्या सभांत उभी राहून मुलासाठी न्याय मागत राहिली.

त्यांची मागणी होती की केंद्र सरकारने नागरी हक्कांच्या कायद्याखाली खटला चालवावा. काही कायदेतज्ज्ञांचं म्हणणं पडलं की तो कायदा कृष्णवर्णीयांसाठी झाला, आशियाई लोकांना तो लागू होत नाही. ज्यांनी बाजू घ्यायची त्यांच्याकडूनच हे ऐकावं लागलं. अखेर खटला उभा राहिला. १९८४ मध्ये न्यायाधीश अॅना डिग्ज टेलर यांच्यासमोर ज्युरीने एबन्सला चिनच्या नागरी हक्कांवर घाला घातल्याबद्दल दोषी ठरवलं, नित्झ सुटला. एबन्सला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. १९८६ मध्ये अपील कोर्टाने ती रद्द केली. साक्षीदारांची तयारी करून घेताना झालेल्या बोलण्याच्या ध्वनिफिती ज्युरीला ऐकू द्यायला हव्या होत्या, हे त्यामागचं एक महत्त्वाचं कारण. फेरखटला ओहायोतल्या सिनसिनाटीला हलवला गेला, आणि १९८७ च्या मे महिन्यात तिथल्या ज्युरीने एबन्सला निर्दोष सोडलं. दिवाणी दाव्यात त्याच्यावर १५ लाख डॉलरची देणी लागली, त्यातली बहुतेक रक्कम कधीच मिळाली नाही. त्याच वर्षी लिली चिन अमेरिका सोडून चीनला गेली. पुढे उपचारांसाठी ती परत आली आणि २००२ मध्ये वारली.

मग हा वंशद्वेषाचा गुन्हा होता का

दोन ज्युरींनी दोन उत्तरं दिली. कायद्याला हो किंवा नाही हवं असतं. १९८४ आणि १९८७ च्या खटल्यांत सरकारला दोन गोष्टी सिद्ध करायच्या होत्या: मारहाण चिनच्या वंशामुळे झाली, आणि सार्वजनिक जागेचा वापर करण्याचा त्याचा हक्क हिरावण्यासाठी झाली. क्लबमधलं एक वाक्य, ते ऐकणारी एक साक्षीदार, आणि नाकारणारा आरोपी. डेट्रॉइटपासून दूर बसलेल्या ज्युरीला त्या वाक्यामागचा फलक, हातोडा, रिकामे कारखाने दिसणं कठीण होतं.

गुन्हेगारीशास्त्र प्रश्न वेगळा विचारतं. हेतू एकच होता का, असं ते विचारत नाही. ते विचारतं की वंश काढून टाकला तर घटना अशीच घडली असती का. क्लबमधली मारामारी कदाचित घडली असती. दारू, अपमान आणि जखमी मुलगा एवढं तिथे पुरेसं होतं. वीस-तीस मिनिटांच्या शोधाबद्दल मी तसं म्हणू शकत नाही. चिनच्या जागी त्याचा एखादा गोरा मित्र असता, त्याने तोच हात उचलला असता, तर त्याच्यामागे गाडी फिरवण्याइतका राग टिकला असता असं मानायला या प्रकरणात मला काही सापडत नाही. हा माझा निष्कर्ष आहे. तो पुराव्यांवरून काढलेला असला तरी कोर्टाच्या कसोटीला उतरणारा नाही, आणि गोची नेमकी तीच आहे.

कायदा पुढे सरकला. मिशिगनने १९८५ मध्ये पीडितांच्या हक्कांचा कायदा केला, त्यामुळे शिक्षेआधी कुटुंबाला बोलायची संधी मिळू लागली. १९८८ मध्ये वांशिक धाकदपटशाचा स्वतंत्र गुन्हा आला. केंद्राने १९९० मध्ये द्वेषगुन्ह्यांची आकडेवारी गोळा करायचा कायदा केला. २००९ मध्ये मॅथ्यू शेपर्ड आणि जेम्स बर्ड या द्वेषगुन्ह्यांत मारल्या गेलेल्या दोघांच्या नावाने झालेल्या कायद्याने सार्वजनिक हक्क हिरावल्याचं सिद्ध करण्याची अट काढून टाकली. चिनच्या खटल्यात सरकारची जी दुहेरी ओढाताण झाली त्यातला अर्धा भार त्यामुळे उतरला. उरलेला अर्धा तसाच आहे. आज तेच प्रकरण नव्या कायद्याखाली चालवलं, तरी सरकारी वकिलाला मारहाण वंशामुळेच झाली हे दाखवावं लागेल, बचावाचा वकील दारू आणि जखमी मुलाकडे बोट दाखवेल, आणि नर्तकीच्या त्या एका वाक्यावर उलटतपासणी तितकीच लांबेल.